स्तरित फेरोइलेक्ट्रिक पदार्थांतील अरेषीय प्रकाशीय गुणधर्मांचे नियमन : सिंधुदुर्गच्या वाळूपासून अणुजाड थरांपर्यंत

सारांश

तीव्र प्रकाश काही विशिष्ट पदार्थांतून जाताना स्वतःचा रंग बदलतो. या घटनेस अरेषीय प्रकाशीय परिणाम म्हणतात. प्रस्तुत लेखात या परिणामाचे मूळ पदार्थाच्या अंतर्गत सममितीत कसे आहे हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सिलिका वाळूच्या उदाहरणावरून स्पष्ट केले आहे. त्यानंतर स्तरित फेरोइलेक्ट्रिक पदार्थांमध्ये थरांची संख्या, थरांची रचना व कोन, यांत्रिक ताण, विद्युत क्षेत्र, तापमान आणि रासायनिक घटना यांच्या साहाय्याने हा परिणाम कमी-अधिक कसा करता येतो, याचा आढावा घेतला आहे. या क्षेत्रातील मोठ्या आकड्यांचे वाचन कोणत्या सावधगिरीने करावे आणि किनारपट्टीवरील महाविद्यालयाला यात कोणते काम शक्य आहे, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : फेरोइलेक्ट्रिक पदार्थ, स्तरित स्फटिक, वारंवारता-द्विगुणन, कलाजुळणी, सममिती, सिंधुदुर्ग.

१. प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याची ओळख सामान्यतः मालवणचा किनारा, जलदुर्ग, मासेमारी आणि आंबा-काजूच्या बागा यांवरून करून दिली जाते. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र हा जिल्हा आणखी एका कारणाने परिचित आहे. कणकवली तालुक्यातील कासार्डे आणि फोंडा परिसरात तसेच वेंगुर्ले भागात सिलिका वाळूचे साठे आहेत. ही वाळू ओतकामाच्या साच्यांसाठी व काचनिर्मितीसाठी वापरली जाते. या वाळूचा मुख्य घटक क्वार्ट्झ, म्हणजे आपल्याकडे जिला गारगोटी म्हणतात ते खनिज होय.

याच क्वार्ट्झ खनिजाने आधुनिक प्रकाशशास्त्राच्या एका शाखेचा आरंभ केला. १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाचा पहिला लेझर कार्यान्वित केला. त्यानंतर वर्षभरातच, १९६१ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लेझरचा ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकावर केंद्रित केला. बाहेर पडणाऱ्या प्रकाशात त्यांना निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे सुमारे ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश अत्यल्प प्रमाणात आढळला. हे प्रमाण इतके क्षीण होते की छायाचित्रपट्टीवर उमटलेला त्याचा बारीक ठिपका छपाईपूर्वी डाग समजून पुसला गेला, असे या शोधाच्या इतिहासात नोंदलेले आहे. निबंध प्रसिद्ध झाला, पण ज्यासाठी तो लिहिला होता तो ठिपका आकृतीत दिसलाच नाही.

आज हीच प्रक्रिया हातात मावणाऱ्या साधनात घडते. व्याख्यानात फळ्याकडे निर्देश करण्यासाठी वापरला जाणारा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर बहुधा मुळात १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश निर्माण करतो आणि आतील पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेटचा छोटा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करून त्याला हिरवा करतो. हा स्फटिक फेरोइलेक्ट्रिक वर्गातील आहे. गेल्या दशकापासून हेच कार्य सेंटिमीटरच्या स्फटिकाऐवजी काही नॅनोमीटर जाडीच्या थरांकडून करवून घेण्याचे आणि त्या कार्यावर बाहेरून नियंत्रण ठेवण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. या प्रयत्नांमागील तत्त्व समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. अरेषीयता म्हणजे काय?

प्रकाश हे विद्युतचुंबकीय तरंग आहेत. पदार्थावर प्रकाश पडला की त्याच्या विद्युत क्षेत्रामुळे अणूंमधील इलेक्ट्रॉनांचे मेघ किंचित सरकतात व पदार्थात विद्युत ध्रुवीकरण निर्माण होते. सूर्यप्रकाश किंवा दिव्याचा प्रकाश यांचे क्षेत्र अणूच्या अंतर्गत क्षेत्राच्या मानाने फार दुबळे असते. त्यामुळे क्षेत्र दुप्पट केले की ध्रुवीकरणही दुप्पट होते. हा संबंध आलेखावर सरळ रेषेने दाखवता येतो, म्हणून त्यास रेषीय म्हणतात. अशा वेळी जो रंग आत जातो तोच बाहेर येतो.

लेझरच्या तीव्र क्षेत्रात हे प्रमाण मोडते. ध्रुवीकरणात क्षेत्राच्या वर्गाशी, घनाशी व पुढील घातांशी प्रमाणात असलेली पदे दखलपात्र होतात. यांपैकी क्षेत्राच्या वर्गाशी निगडित पद येथे महत्त्वाचे आहे. दोलायमान राशीचा वर्ग केला की दुप्पट वारंवारतेचे दोलन निर्माण होते, हे त्रिकोणमितीतील परिचित सूत्रावरून सिद्ध होते. म्हणून हे पद दुप्पट वारंवारतेचा, म्हणजेच निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश उत्सर्जित करते. फोटॉनांच्या भाषेत सांगायचे तर समान ऊर्जेचे दोन फोटॉन नाहीसे होऊन दुप्पट ऊर्जेचा एक फोटॉन जन्मास येतो. या पदाच्या सहगुणकास द्वितीय क्रमाचा अरेषीय गुणांक म्हणतात.

मालवणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटांवर दिसणारा निळसर उजेड हा याहून अगदी वेगळा आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. तो सूक्ष्म सागरी जीवांच्या शरीरातील रासायनिक क्रियेमुळे निर्माण होतो. वारंवारता-द्विगुणनात कोणतीही रासायनिक क्रिया घडत नाही, पदार्थ ऊर्जा साठवून ठेवत नाही आणि प्रकाश बंद होताच परिणामही थांबतो.

३. सममितीचा निर्णायक नियम

प्रत्येक पदार्थ हे कार्य करू शकत नाही. त्याचे कारण सममितीत आहे. ज्या रचनेत एका केंद्रबिंदूच्या दोन विरुद्ध बाजूंस समान अंतरावर समान अणू असतात, तिला सममिती केंद्र आहे असे म्हणतात. अशा रचनेत विद्युत क्षेत्राची दिशा उलट केली की ध्रुवीकरणाची दिशाही तेवढ्याच प्रमाणात उलट झाली पाहिजे. परंतु क्षेत्राचा वर्ग दिशा उलटल्याने बदलत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे द्वितीय क्रमाचा गुणांक शून्य असणे. म्हणून सममिती केंद्र असलेल्या पदार्थाच्या अंतर्भागात वारंवारता-द्विगुणन होत नाही.

या नियमाची प्रचिती सिंधुदुर्गच्याच वाळूवरून घेता येते. सिलिका वाळूचा कण आणि त्यापासून बनलेली शुद्ध सिलिका काच यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. एका सिलिकॉन अणूमागे दोन ऑक्सिजन अणू हे प्रमाण दोहोंतही सारखे आहे. क्वार्ट्झच्या कणात मात्र हे अणू सर्पिलाकार क्रमाने रचलेले असतात व त्या रचनेला सममिती केंद्र नसते. वाळू वितळवून काच केली की हा क्रम मोडतो. अणूंची मांडणी दिशाहीन होते आणि सरासरीने पाहता कोणतीही दिशा तिच्या विरुद्ध दिशेहून वेगळी राहत नाही. परिणामी वाळूचा कण लेझरची वारंवारता दुप्पट करू शकतो, पण त्याच वाळूची काच ते करू शकत नाही. म्हणजे हा गुणधर्म ठरतो तो अणूंच्या मांडणीवरून. पदार्थ कोणत्या मूलद्रव्यांचा आहे, एवढ्यावरून त्याचा निर्णय होत नाही. पुढील सर्व विवेचन या एका निष्कर्षावर उभे आहे. मांडणी बदलता आली तर गुणधर्मही बदलता येतो.

४. फेरोइलेक्ट्रिक पदार्थांचे वैशिष्ट्य

क्वार्ट्झची मांडणी निसर्गाने ठरवून दिलेली असते. विद्युत क्षेत्र लावून ती उलटवता येत नाही. फेरोइलेक्ट्रिक पदार्थांची गोष्ट वेगळी आहे. या पदार्थांत बाह्य क्षेत्राशिवायही कायमचे विद्युत ध्रुवीकरण असते आणि पुरेसे विद्युत क्षेत्र लावून त्याची दिशा उलट करता येते. नावातील 'फेरो' या पदाचा अर्थ लोह असा असला तरी या पदार्थांत लोह असावेच लागत नाही. लोहचुंबकाच्या वर्तनाशी असलेल्या साधर्म्यावरून हे नाव रूढ झाले.

जोसेफ व्हॅलासेक यांनी १९२० च्या सुमारास रोशेल क्षारात हा गुणधर्म प्रथम ओळखला. पुढे १९३५ मध्ये पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, १९४० च्या दशकात बेरियम टायटॅनेट आणि १९४९ मध्ये लिथियम नायोबेट हे पदार्थ या यादीत आले. महाराष्ट्राशी निगडित संशोधकांचाही या विषयाशी जुना संबंध आहे. पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले पदार्थवैज्ञानिक प्रा. वि. गो. भिडे यांनी मुलतानी यांच्यासह १९६५ मध्ये बिस्मथ फेराइट या फेरोइलेक्ट्रिक व प्रतिलोहचुंबकीय पदार्थाचा मॉसबावर पद्धतीने अभ्यास प्रसिद्ध केला होता. हाच बिस्मथ फेराइट पुढे एकविसाव्या शतकात जगभर पुन्हा अभ्यासाचा विषय झाला.

फेरोइलेक्ट्रिक पदार्थ आणि अरेषीय प्रकाश यांचे नाते सरळ आहे. ज्या फेरोइलेक्ट्रिक पदार्थाच्या उच्च तापमानातील मूळ अवस्थेस सममिती केंद्र असते, त्याचा द्वितीय क्रमाचा गुणांक स्थूलमानाने त्याच्या कायम ध्रुवीकरणाच्या प्रमाणात असतो. उत्पन्न प्रकाशाची तीव्रता या गुणांकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ध्रुवीकरण १० टक्क्यांनी वाढले तर तीव्रता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते आणि ध्रुवीकरण निम्मे झाले तर तीव्रता एक-चतुर्थांश उरते. ध्रुवीकरणावर जी जी राशी परिणाम करते, ती प्रत्येक राशी म्हणूनच प्रकाशाच्या नियमनाची कळ ठरू शकते.

५. स्तरित रचना : दोन कुळे

स्तरित फेरोइलेक्ट्रिक पदार्थांची दोन प्रमुख कुळे मानता येतात. पहिले कुळ स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बेंग्ट ऑरिव्हिलियस यांनी १९४९ मध्ये वर्णन केले. यात बिस्मथ व ऑक्सिजन यांचे थर आणि पेरोव्स्काइट प्रकारचे थर आलटून-पालटून येतात. जांभ्या चिऱ्यांच्या भिंतीत चिऱ्यांचा एक थर व त्यावर चुन्याचा एक थर अशी रचना असते, तसाच हा क्रम समजता येईल. बिस्मथ टायटॅनेट हे या कुळाचे प्रातिनिधिक उदाहरण असून त्याचे फेरोइलेक्ट्रिक वर्तन सुमारे ६७५ अंश सेल्सियसपर्यंत टिकते. यातील थर रासायनिक बंधांनी जोडलेले असल्याने ते सहज सुटे करता येत नाहीत. मात्र पेरोव्स्काइटच्या थरांची संख्या रासायनिक मार्गाने वाढवता येते. बिस्मथ टायटॅनेटच्या एका भागात बिस्मथ फेराइटचा एक भाग मिळवला असता तीनाऐवजी चार पेरोव्स्काइट थरांचे संयुग मिळते.

दुसऱ्या कुळातील थर अभ्रकाच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटे करता येतात. त्यांच्यातील परस्पर आकर्षण व्हॅन डर वाल्स प्रकारचे, म्हणजे दुबळे असते. २००४ मध्ये आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्रॅफाइटपासून एक अणू जाडीचा ग्रॅफीन सुटा केला. त्यासाठी त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच रीतीने पुढे अनेक स्तरित स्फटिकांचे अणुजाड पापुद्रे मिळवले गेले. त्यांपैकी काही फेरोइलेक्ट्रिक निघाले. तांबे, इंडियम, फॉस्फरस व गंधक यांचे संयुग असलेला कॉपर इंडियम थायोफॉस्फेट सुमारे ४ नॅनोमीटर जाडीतही कक्ष तापमानास फेरोइलेक्ट्रिक राहतो, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. इंडियम सेलेनाइडच्या आल्फा रूपात पाच अणुस्तरांच्या एका थरामधील मधला सेलेनियम स्तर बाजूला सरकल्यामुळे ध्रुवीकरण निर्माण होते. नायोबियम ऑक्सिडायहॅलाइड या गटात नायोबियमचा अणू थराच्या प्रतलातच मध्यापासून ढळलेला असतो.

६. नियमनाच्या कळा

६.१ थरांची संख्या. प्रत्येक थरातून निघणारे तरंग एकाच कलेत असतील तर त्यांचे आयाम मिळवले जातात व तीव्रता थरसंख्येच्या वर्गाने वाढते. दहा थरांची तीव्रता एका थराच्या शंभर पट होते. पण हे प्रत्येक पदार्थात घडत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या नेहमीच्या रूपात प्रत्येक थर आपल्या शेजाऱ्याच्या उलट दिशेने ठेवलेला असतो. त्यामुळे दोन थर मिळून सममिती केंद्र निर्माण करतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एक, तीन, पाच अशा विषम थरांतून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळाला आणि सम थरांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. एका थरात असलेला गुण दुसरा थर येताच लोपतो, ही अडचण बराच काळ या क्षेत्राला भेडसावत राहिली. नायोबियम ऑक्सिडायहॅलाइडसारख्या फेरोइलेक्ट्रिक स्तरित पदार्थांचे महत्त्व येथे लक्षात येते. त्यांत सर्व थरांचे ध्रुवीकरण एकाच दिशेने असते आणि थरांमधील परस्परक्रिया दुबळी असते. म्हणून थर वाढवले तरी परिणाम मावळत नाही.

६.२ थरांमधील कोन. दोन सुटे थर एकमेकांवर ठेवताना त्यांच्यातील कोन निवडता येतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या त्रिदिश सममितीच्या दोन समान थरांत कोन शून्य असेल तर तीव्रता एका थराच्या चौपट मिळते. तो ३० अंश असेल तर दुप्पट मिळते आणि ६० अंश असेल तर शून्य होते. पदार्थ तोच, प्रकाश तोच, केवळ ठेवण बदलल्याने हा फरक पडतो. याच तत्त्वाचा पुढचा टप्पा म्हणजे सरक-फेरोइलेक्ट्रिकता. बोरॉन नायट्राइडचे दोन थर समांतर ठेवून एकमेकांवरून किंचित सरकवल्यास ध्रुवीकरण उलटते, हे २०१७ मध्ये सैद्धांतिक रीत्या सुचवले गेले व २०२१ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. स्वतः फेरोइलेक्ट्रिक नसलेल्या थरांपासून केवळ मांडणीने फेरोइलेक्ट्रिक पदार्थ घडवणे त्यामुळे शक्य झाले.

थरांच्या दिशेचे महत्त्व सजीव सृष्टीतही दिसते. माशांच्या खवल्यांत कोलॅजेन प्रथिनाचे तंतू थराथराने रचलेले असतात व लगतच्या थरांत त्यांची दिशा बदलत जाते. कोलॅजेनच्या रचनेस सममिती केंद्र नसल्याने ते लेझरची वारंवारता दुप्पट करते. वैद्यकीय सूक्ष्मदर्शनात ऊतींमधील कोलॅजेन रंगद्रव्य न वापरता पाहण्यासाठी या गुणाचा उपयोग केला जातो. मालवणच्या बाजारात टाकून दिला जाणारा खवला याच तत्त्वाचे एक उदाहरण आहे.

६.३ यांत्रिक ताण. पातळ पापुद्रा लवचीक आधारावर ठेवून आधार वाकवला की पापुद्र्यावर ताण येतो. अणूंमधील अंतरे बदलतात, मध्यापासून ढळलेला अणू अधिक किंवा कमी ढळतो आणि ध्रुवीकरण बदलते. जाड स्फटिक थोड्याशा ताणाने तडकतो, अणुजाड पापुद्रा मात्र तुलनेने बराच ताण सहन करतो. २०२२ मध्ये नायोबियम ऑक्सिडाय-आयोडाइडवरील प्रयोगांत वारंवारता-द्विगुणनाचे ताणाद्वारे नियमन करता येते, असे दाखवण्यात आले.

६.४ विद्युत क्षेत्र. ध्रुवीकरण उलटवले की द्वितीय क्रमाच्या गुणांकाचे चिन्ह बदलते. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. तीव्रता गुणांकाच्या वर्गावर अवलंबून असल्याने संपूर्ण स्फटिकाचे ध्रुवीकरण उलटवले तरी तीव्रता तीच राहते. बदलते ती उत्पन्न तरंगाची कला, आणि तीही १८० अंशांनी. स्फटिकाचा अर्धा भाग एका दिशेने व उरलेला अर्धा भाग विरुद्ध दिशेने असेल तर दोन भागांतील तरंग एकमेकांना छेद देतात व प्रकाश क्षीण होतो. म्हणून फेरोइलेक्ट्रिक पदार्थातील प्रदेशांची विभागणी विद्युत क्षेत्राने बदलणे हे प्रकाशाची तीव्रता बदलण्याचे साधन ठरते. क्षेत्र काढून घेतले तरी ही विभागणी टिकून राहू शकते आणि त्यामुळे केलेले नियमन स्मृतीप्रमाणे जतन होते.

६.५ तापमान. ज्या तापमानास फेरोइलेक्ट्रिक अवस्था संपते त्यास क्यूरी तापमान म्हणतात. कॉपर इंडियम थायोफॉस्फेटसाठी ते सुमारे ४२ अंश सेल्सियस आहे. त्याच्या वर रचनेस सममिती केंद्र प्राप्त होते व वारंवारता-द्विगुणन थांबते. ही संवेदनशीलता नियमनाच्या दृष्टीने सोयीची आहे. मात्र व्यवहारात ती अडचणीची ठरू शकते. उन्हात उभ्या केलेल्या वाहनाच्या आतील तापमान सहज याहून अधिक होते. उलट बिस्मथ टायटॅनेट ६७५ अंशांपर्यंत टिकतो, पण त्याचे पापुद्रे सुटे होत नाहीत. नियमनाची सुलभता आणि टिकाऊपणा यांत तडजोड करावी लागते, ती अशी.

६.६ रासायनिक घटना. एका मूलद्रव्याच्या जागी दुसरे योजून ध्रुवीकरण, क्यूरी तापमान आणि कोणत्या रंगाचा प्रकाश पदार्थ शोषून घेईल, हे तिन्ही बदलता येते. बिस्मथ टायटॅनेटमध्ये काही बिस्मथ अणूंच्या जागी लँथनम आणल्यास क्यूरी तापमान खाली येते. नायोबियमच्या गटात क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन यांपैकी कोणते मूलद्रव्य आहे यावर शोषणाची मर्यादा अवलंबून असते. इतर कळा स्फटिक तयार झाल्यावर वापरता येतात. ही कळ मात्र तो तयार होण्यापूर्वीच दाबावी लागते.

७. कलाजुळणी : रापणीचा दृष्टांत

फ्रँकेन यांच्या प्रयोगातील प्रकाश इतका क्षीण का होता, याचे उत्तर कलाजुळणीत आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना माणसे दोरावर एका तालात जोर लावतात. प्रत्येकाचा जोर एकाच क्षणी लागला तर जाळे पुढे सरकते. काही जण ओढत असताना इतर जण सैल सोडत असतील तर तितक्याच श्रमांत जाळे जागचे हलत नाही. स्फटिकातही असेच घडते. मूळ प्रकाश आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश यांचे वक्रीभवनांक भिन्न असल्याने त्यांचे वेग भिन्न असतात. सुरुवातीच्या थरात निर्माण झालेला तरंग व पुढील थरात निर्माण होणारा तरंग यांची कला हळूहळू जुळेनाशी होते आणि एका विशिष्ट अंतरानंतर ते एकमेकांस मारक ठरतात. माणकाच्या लेझरसाठी क्वार्ट्झमध्ये हे अंतर सुमारे ७ मायक्रोमीटर आहे. म्हणजे स्फटिक कितीही लांब घेतला तरी उपयुक्त ठरत होते ते एवढेच अंतर.

यावर १९६२ मध्ये दोन उपाय पुढे आले. पहिल्या उपायात स्फटिकाच्या अशा दिशेने प्रकाश पाठवला जातो की दोन्ही तरंगांचे वक्रीभवनांक समान व्हावेत. दुसरा उपाय निकोलास ब्लोएंबर्गेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवला. जेथे तरंग मारक ठरू लागतात तेथे पदार्थाचे ध्रुवीकरण उलटवावे, म्हणजे कला १८० अंशांनी पलटेल आणि मारक तरंग पुन्हा तारक होतील. ब्लोएंबर्गेन यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हा दुसरा उपाय ध्रुवीकरण उलटवता येणाऱ्या पदार्थासाठी विशेष सोयीचा असल्याने पुढे लिथियम नायोबेटमध्ये तो मोठ्या प्रमाणावर वापरात आला.

काही दशक नॅनोमीटरच्या पापुद्र्यात हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण त्याची जाडी मारक अंतराच्या मानाने नगण्य असते. परंतु उत्पादन वाढवण्यासाठी जाडी वाढवू लागताच तो पुन्हा समोर येतो. थरांचे गठ्ठे ठरावीक अंतराने फिरवून रचणे, हा त्यावरील आजचा मार्ग आहे. म्हणजे १९६२ ची कल्पना आता चिकटपट्टीने सोडवलेल्या पापुद्र्यांवर राबवली जात आहे.

८. आकड्यांचे वाचन

नायोबियम ऑक्सिडाय-आयोडाइडच्या पापुद्र्यात ०.२ टक्क्यांहून अधिक प्रकाशाचे रूपांतर झाल्याचे २०२२ मध्ये नोंदवले गेले आणि त्याचा अरेषीय गुणांक एक नॅनोमीटर प्रति व्होल्ट या क्रमाचा असल्याचे सांगितले गेले. हा गुणांक लिथियम नायोबेटच्या सुमारे वीस पट होतो. असे आकडे वाचताना तीन गोष्टी पडताळून पाहणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट जाडीची. इतर बाबी समान धरल्यास रूपांतर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एक नॅनोमीटरचा थर व एक सेंटिमीटरचा कलाजुळणी साधलेला स्फटिक यांच्या जाडीत एक कोटी पटींचा फरक आहे. त्याचा वर्ग एकावर चौदा शून्ये एवढा होतो. गुणांक वीस पट असल्याचा लाभ केवळ चारशे पट आहे. म्हणून गुणांक प्रचंड असला तरी एकटा थर स्फटिकाची जागा घेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट शोषणाची. उत्पन्न प्रकाश ज्या रंगाचा आहे तो रंग पदार्थ स्वतःच शोषत असेल तर गुणांक अनुनादामुळे फुगलेला दिसतो, पण जाडी वाढवल्यास लाभ होत नाही. तिसरी गोष्ट अर्थनिर्णयाची. वारंवारता-द्विगुणन आढळले म्हणजे सममिती केंद्र नाही एवढेच सिद्ध होते. क्वार्ट्झही हा प्रकाश देतो आणि क्वार्ट्झ फेरोइलेक्ट्रिक नाही. फेरोइलेक्ट्रिकता सिद्ध करण्यासाठी ध्रुवीकरण उलटवून दाखवावेच लागते.

मग या थरांचा उपयोग कोणता? जेथे जागाच नॅनोमीटरची आहे, जेथे प्रकाशाचा मार्ग संगणकाच्या चकतीवर कोरलेला आहे आणि जेथे गुणधर्म क्षणोक्षणी बदलता यायला हवा, तेथे सेंटिमीटरचा स्फटिक निरुपयोगी ठरतो. याशिवाय वारंवारता-द्विगुणनाची उलट प्रक्रिया, म्हणजे एका फोटॉनापासून परस्परांशी निगडित दोन फोटॉन मिळवणे, ही पुंज-संदेशवहनाची पायाभूत गरज आहे. नायोबियम ऑक्सिडायक्लोराइडच्या अतितलम पापुद्र्यातून अशा जोड्या मिळाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

९. प्रादेशिक संदर्भ

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मान्यता दिली. त्यातील संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही फेरोइलेक्ट्रिक संयुगांवर व क्वांटम तंत्रज्ञानावर काम चालते. प्रश्न उरतो तो किनारपट्टीवरील महाविद्यालयांचा. अतिजलद स्पंदांचे लेझर व निर्वात कक्ष त्यांना परवडणारे नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

तरीही या विषयात प्रवेशाचे एक दार उघडे आहे. कर्ट्झ व पेरी यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या चूर्ण पद्धतीत मोठा निर्दोष स्फटिक लागत नाही. पदार्थाचे चूर्ण चाळणीने ठरावीक आकारमानाचे करून त्यावर १०६४ नॅनोमीटरचे स्पंद सोडले जातात आणि निघणाऱ्या हिरव्या प्रकाशाची तुलना प्रमाण चूर्णाशी केली जाते. मूळ पद्धतीतील प्रमाण चूर्ण क्वार्ट्झचेच होते. भारतातील अनेक महाविद्यालयांनी मंद बाष्पीभवनाने स्फटिक वाढवून ही चाचणी मोठ्या संस्थांकडून करून घेतली आहे. स्फटिक वाढवणे, त्यांचे चूर्ण करणे, कणांचे वर्गीकरण करणे व सममितीचा अभ्यास करणे ही कामे पदवीच्या प्रयोगशाळेत होऊ शकतात. सिंधुदुर्गातील विद्यार्थ्याला प्रमाण चूर्णासाठी दूर जावे लागणार नाही. धुऊन शुद्ध केलेली स्थानिक सिलिका वाळू आणि तिच्याशेजारी काचेची पूड ठेवली तर सममितीचा नियम शिकवणारा याहून सोपा प्रयोग नाही.

हवामानाचाही विचार करावा लागेल. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व रोशेल क्षार पाण्यात विरघळतात. कोकणातील पावसाळ्याच्या दमट, खाऱ्या हवेत अशा स्फटिकांचे चकचकीत पृष्ठभाग लवकर धुरकटतात. बंद पेटी व आर्द्रताशोषक यांची व्यवस्था प्रयोगाच्या आधी व्हावी लागते. क्वार्ट्झ व लिथियम नायोबेट यांना हा उपसर्ग नाही. पदार्थाची निवड करताना गुणांकाइतकेच महत्त्व प्रयोगशाळेच्या हवेला द्यावे लागते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वारंवारता-द्विगुणन हा गुणधर्म रासायनिक सूत्राने नव्हे, तर अणूंच्या मांडणीतील सममितीने ठरतो. वाळू व काच यांतील फरक हे त्याचे सुबोध उदाहरण आहे.

२) फेरोइलेक्ट्रिक पदार्थांत ही मांडणी बाहेरून बदलता येते, म्हणून त्यांत अरेषीय गुणधर्मांचे नियमन शक्य होते. स्तरित रचनेमुळे थरसंख्या, कोन व ताण या अतिरिक्त कळा उपलब्ध होतात.

३) थर वाढवल्याने परिणाम वाढेल की नाहीसा होईल, हे लगतच्या थरांच्या परस्पर दिशेवर अवलंबून असते.

४) अणुजाड थरांचे गुणांक मोठे असले तरी त्यांचे मूल्यमापन जाडी, शोषण व कलाजुळणी यांच्यासह करणे आवश्यक आहे.

५) चूर्ण पद्धतीच्या आधारे ग्रामीण व किनारी भागातील महाविद्यालयांना या क्षेत्रात प्राथमिक स्वरूपाचे, पण अर्थपूर्ण काम करता येईल.

कासार्ड्याची वाळू आज जिल्ह्याबाहेर जाते ती वजनावर मोजली जाऊन. तिच्या एका कणातील अणूंचा क्रम काय करू शकतो, याचे ज्ञान मात्र वजनावर मिळत नाही. ते प्रयोगशाळेत, वर्गात आणि चिकाटीने केलेल्या मापनांतूनच मिळवावे लागते. त्याचा आरंभ ज्या मातीत ही वाळू आहे तेथूनच झाला तर ते अधिक उचित ठरेल.